चपला हातात घेऊन

शेअर रिक्षात मागं तिघी, पुढं ड्रायव्हरच्या दोन्ही अंगांना एकेक, अशी नेहमीची कोंबाकोंबी होती. शेजारच्या बाईनं मोबाईल कानाला न लावता तोंडापुढं धरला होता, म्हणजे ऐकणार ती आणि ऐकायचं सगळ्या रिक्षानं. पडद्यावर सकाळचा निकाल होता, कोर्टाच्या पायऱ्यांवर कुणी तरी एका म्हातारीच्या तोंडासमोर माईक धरला होता. "काय बघितलं तुम्ही, मावशी?" म्हातारी म्हणाली, "चपला हातात हुत्या. ऊन टळटळीत, आन् त्यो चपला हातात घेऊन चाललेला. पायाचा आवाज न्हाय. सावलीच तेवढी भिंतीवरनं सरकत गेली." कोपऱ्यातली बाई "अगं बाई" म्हणाली. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, "फाशी दिली न्हवं, आता लटकवा की एकदाचं." अंकिताच्या अंगावर ऐन मे महिन्यात काटा आला. तो खुन्याच्या भीतीचा नव्हता. सावलीच तेवढी भिंतीवरून सरकत गेली, हे वाक्य तिचं होतं. दोनदा खोडून तिसऱ्यांदा तिनंच ते लिहिलं होतं आणि स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं. म्हातारीनं त्यातला शब्दही इकडचा तिकडं केला नव्हता.

रिक्षातून ती दोन चौक आधीच उतरली. भाजीची पिशवी बोटांना काचत होती. सोलापूरची दुपार म्हणजे एक रिकामं गाव असतं. माणसं आत, कुत्री गाड्यांखाली, आणि रस्त्यावर नुसता उजेड. लहानपणी आई म्हणायची, बाराच्या ठोक्याला बाहेर पडू नये, त्या वेळी रस्ता आपला नसतो. आईला म्हणायचं होतं ते भुताखेतांबद्दल, पण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते भलत्याच अर्थानं खरं झालं. पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या वस्तीत तीन बायका भर दुपारी, आपापल्या घरात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असताना गळा दाबून मारल्या गेल्या. कुणी येताना दिसलं नाही, जाताना दिसलं नाही. दार उघडं टाकून बसायची वस्तीची सवय एका महिन्यात सुटली. पत्र्याच्या खोल्यांतून दारं लावून बायका घामानं निथळत विड्या वळायला लागल्या, आणि सोबतीला म्हणून मोबाईल लावायला लागल्या. त्या मोबाईलमधून जी बाई बोलायची ती अंकिता.

चॅनल नवऱ्याचं, अजिंक्यचं. आवाज हिचा. घरातल्या मधल्या खोलीच्या भिंतींना चारी बाजूंनी सोलापुरी चादरी ठोकल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून, आणि त्या लाल-निळ्या चादरींच्या आत बसून ती शांतपणे खून सांगायची. तिला ते जमायचं. कुठं थांबायचं, कुठं श्वास सोडायचा, कुठं आवाज इतका खाली न्यायचा की ऐकणाऱ्यानं मोबाईल आणखी कानाजवळ घ्यावा, हे तिला न शिकता येत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात तिला सुखही वाटायचं. तिसऱ्या खुनानंतर अजिंक्य म्हणाला होता, "सगळं आहे आपल्याकडे, फक्त माणूस नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी उभं राहायला पाहिजे. त्याला एखादी खूण दे." ती विचार करत बसली, आणि तिला फार वेळ लागला नाही. कुणाला ऐकू येत नाही तो येताना, कारण तो चपला हातात घेऊन येतो.

हे तिनं हवेतून आणलं नव्हतं. ती गिरणीच्या चाळीत वाढली. गिरणी तीन पाळ्यांत चालायची, त्यामुळं चाळीत कुठल्याही वेळी गेलं तरी निम्म्या घरांतून कुणी ना कुणी झोपलेलं असायचं, आणि उकाड्यापायी दारं सताड उघडी. म्हणून चाळीची एक रीत होती. पाळी सुटून येणारा माणूस चाळीच्या तोंडाशीच चपला काढायचा, हातात घ्यायचा आणि अनवाणी आपल्या दारापर्यंत जायचा. ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती. जो चपला वाजवत जाईल त्याला बायका दुसऱ्या दिवशी नळावर ऐकवायच्या. अंकिताला बाप आठवायचा तो असाच: डोळे उघडले की दारात उभा, केसांत कापूस, हातात चपला, आणि आल्याचा आवाज नाही. गिरणी बंद पडली, चाळ पाडली, माणसं पांगली. महिपतीची, म्हणजे तिच्या वडिलांची, सवय मात्र गेली नाही. आई गेल्यावर ते लेकीकडं राहायला आले तेव्हाही दुपारी गल्लीच्या तोंडाशी चपला काढायचे. अंकिताला तेव्हा त्याची थोडी लाजच वाटायची. तिनं ती चाल बापाकडून घेतली आणि खुन्याला दिली. देताना कसलाच अपराध वाटला नव्हता. उलट, छान जमलं असं वाटलं होतं.

तो भाग लाखांनी ऐकला. आठ दिवसांत कुठल्याशा चौकात एका टॉवेल विकणाऱ्या फेरीवाल्याच्या चपलेचा अंगठा तुटला, त्यानं चपला हातात घेतल्या आणि लोकांनी त्याला इतका चोपला की त्याचा एक कान गेला. अजिंक्य त्यावर म्हणाला होता, "लोक सावध झालेत, हे चांगलंच आहे." मग मंजुनाथ सापडला. घरोघरी फिरून कूलर दुरुस्त करणारा, तिशीतला, दिसायला बरा. मेलेल्यांपैकी दोघींच्या घरी त्यानं कूलर दुरुस्त केलेला होता आणि त्याच्या पिशवीत त्यातल्या एकीचे सोन्याचे मणी मिळाले; कामाच्या बदल्यात दिले होते, असं तो म्हणाला, आणि त्यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. पण त्याला कुठल्याही घरातून निघताना बघणारं कुणी नव्हतं. ते मिळालं महिन्याभरानं. दानम्मा नावाची म्हातारी पोलिसांकडं गेली आणि म्हणाली, मी बघितलं. मंजुनाथ आत गेल्यापासून एकही खून झाला नव्हता. म्हणजे तोच. अंकितालाही तसंच वाटत होतं, आणि आजही, भाजीची पिशवी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालताना, तसंच वाटत होतं. मग पाय का अडखळतायत, हे तिला कळेना.

ती घरी गेली नाही. पिशवीसकट दानम्माच्या गल्लीत गेली. ओट्यावर पाचसहा बायका सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पानं कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून विडी खाली पडत होती, बघायची गरजच नाही. हातांना हातांचं काम येत होतं आणि कान मोकळे होते. मधल्या उलट्या पातेल्यावर मोबाईल उभा केला होता आणि त्यातून अंकिता बोलत होती. ती ओट्याखाली उन्हात उभी राहून स्वतःला ऐकत राहिली. आपला आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो, हे तिला सवयीचं होतं. आज मात्र तो परका वाटण्याऐवजी वयानं मोठा वाटला, जणू तो हिच्याआधीपासून या गल्लीत राहत होता आणि त्याला इथलं सगळं माहीत होतं. "पाणी मिळेल का?" ती म्हणाली. तेवढ्यानं सगळ्यांचे हात थांबले. एकीनं मोबाईलकडं बघितलं, एकीनं हिच्याकडं. मग दुसरी कुजबुजली, "ह्या त्याच की. बोलणाऱ्या बाई."

मग काय, कौतुकच झालं. पाणी आलं, चहा आला, कुणी फोटो काढला. "त्यो जेलात काय खातो हो?" एकीनं विचारलं. "पोरी त्येला पत्रं लिवत्यात म्हणं, खरं हाय का?" दुसरी म्हणाली, "दिसायला लई चांगला हाय की, म्हणून तर दार उघडलं आसंल." सगळ्या हसल्या, आणि हसताना घाबरल्याही. अंकितानं समोरच्या बंद घराकडं बघून विचारलं, "तिसरी इथंच राहायची ना?" हसणं थांबलं. दानम्मा म्हणाली, "म्हाळसाबाई. तिसरी काय म्हणता? नाव हुतं की तिला. विडी अशी बांधायची, कारखान्यातल्या चेकरनं एक कदी परत टाकली न्हाय." अंकिताला चटका बसला. मंजुनाथला मटकीची उसळ आवडते हे तिला पाठ होतं. त्या बायकांना मात्र ती पहिली, दुसरी, तिसरी अशाच ओळखत होती.

दानम्मा मूळची मैंदर्गीची, कन्नड घरातली. मराठी बोलायची ते एकेक शब्द निवडून मांडल्यासारखं. अंकितानं विचारलं, "तुम्ही त्याचं तोंड बघितलं होतं का, मावशी?" "मागनं बघितलं," दानम्मा म्हणाली, "हितंच बसली हुती. मान वर केली तर त्यो पुढं गेलेला. पुढून कशाला बघू? पुढचं सगळं तूच सांगितलीस की बाई." तिच्या बोलण्यात कसलाही खोटेपणा नव्हता. दोऱ्याचं टोक दातांनी तोडत ती पुढं म्हणाली, "चपला मात्र नीट बघितल्या. डाव्या चपलेचा अंगठा हिरव्या वायरीनं बांधलेला. ते कोर्टात कुणी इचारलंच न्हाय." अंकितानं वायर कुठंही लिहिली नव्हती. कुठल्याही भागात ती म्हटली नव्हती. हिरवी वायर तिच्या स्वतःच्या दारात रोज असायची, लेकीच्या, सृष्टीच्या छोट्या बुटांशेजारी, बापाच्या चपलेला, नवी जोड आणून दिली तरी न सुटलेली.

गल्लीच्या शेवटच्या घरात चनबसप्पा होता. लकव्यानं खाटेवर पडलेला, बापाचा गिरणीतला जोडीदार. महिपती रोज दुपारी त्याला पेपर वाचून दाखवायला यायचे, आज कित्येक वर्षं. हे अंकिताला माहीत होतं, आणि तरी आत्तापर्यंत माहीत नव्हतं. तिनं विचारलं, "गल्लीत दुपारचं दुसरं कुणी येत नाही का?" दानम्मानं हात झटकला. "कोण येतंय? चनबसप्पाकडं एक म्हातारा येतो तेवढा. लई भला माणूस. आदी कवा यायचा-जायचा ते कळायचंबी न्हाय. आता चपला फटाक फटाक वाजवत येतो, त्यामुळं भ्या वाटत न्हाय."

घरी आली तेव्हा अजिंक्य चादरींच्या खोलीत सगळं मांडून बसला होता. निकालाचा भाग आजच गेला पाहिजे. "शेवटी विचार, फाशी योग्य की अयोग्य. लोक तुटून पडतील." लोक आधीच तुटून पडले होते. चौकात द्या, उन्हात बांधा, आम्ही येतो दोर ओढायला. आणि त्याच माणसांनी खाली लिहिलं होतं, पुढचा भाग कधी. ती माईकपुढं बसली आणि तिच्या लक्षात आलं की तिनं आजवर या प्रश्नाचं उत्तर कधी स्वतःला दिलं नव्हतं. ती विचारायची आणि उठून स्वयंपाकाला लागायची. खुन्याला मारावं की नाही, हा प्रश्न म्हणजे तिला जेवणानंतरच्या सुपारीसारखा वाटायचा. आता तो घशात अडकला. मंजुनाथनं तीन बायका मारल्या असतील तर त्याच्यासाठी रडायला तिच्याकडं एक टिपूस नव्हतं. पण त्याच्या गळ्यापर्यंत जाणारा रस्ता तिच्या बापाच्या पावलांवरून जात होता. आणि ती हे बोलली, तर तो रस्ता उलटा वळून तिच्या दारात येणार होता. फेरीवाल्याचा कान तिला आठवला. "डोकं दुखतंय," ती अजिंक्यला म्हणाली आणि उठली.

दारात फटाक फटाक झालं. महिपती आले. सृष्टी झोपेतून दचकली आणि रडली. गेली दोन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि अंकिता रोज म्हणायची, "तात्या, पोरगी झोपलीय, हळू या की." रोज ते म्हणायचे, "आसू दे. कुणी तरी आलंय ते कळलं पायजे." तिला वाटायचं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. दोन वर्षं. ती तिथंच उंबऱ्यात खाली बसली, त्यांच्या पायांजवळ.

"तात्या, चपला हातात घ्यायचं तुम्ही कधी सोडलं?"

त्यांनी टोपी खुंटीला लावली. मग म्हणाले, "तू सांगितलंस तवा. चनबसप्पाला मोबाईल लावून ऐकवत हुतो, लेकीचा आवाज हाय म्हणून. त्येचं तोंड वाकडं झालंय, तरी हसला त्यो. म्हणला, महिपती, ही तर आपली चाल."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? लोक ऐकत हुते. तुला काय तरी चांगलं घावलं आसं वाटलं. आन् बापाचंच घेतलंस की, दुसऱ्याचं तर न्हाय."

अंकिताला रडू फुटलं नाही, फुटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "म्हाळसाबाई गेली त्या दिवशी तुम्ही गल्लीत होता?" "रोजच आसतो की," ते म्हणाले. आणि मग एक गोष्ट घडली, जी तिला आयुष्यभर विसरता येणार नाही. तिनं बापाच्या हातांकडं बघितलं. गिरणीत सूत धरून धरून रुंद झालेले, नखांशी चिरलेले हात. त्याच हातांनी तिला न्हाऊ घातलं होतं. ती ते मोजून बघत होती. गळ्याभोवती बसतील का. आपणच निर्माण केलेला माणूस दारातून आत येऊन बापाच्या जागी बसलाय आणि आपण त्याला घाबरतोय, हे तिला कळत होतं, तरी नजर हलेना. महिपतींनी ते बघितलं. त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढं उताणे केले.

"बघून झालं?" ते हळू आवाजात म्हणाले.

"तात्या—"

"आसू दे. सगळं गाव बघतंय तसंच तू बी बघितलंस. तिनं मला बघितलं व्हय, त्या दानम्मानं?"

"मागून." तिनं डोळे पुसले. "पण त्यानंच मारलंय, तात्या. बहुतेक त्यानंच."

"आसंल. मला काय ठावं. मारलं आसंल तर त्येचं त्यो भोगंल." ते भिंतीला टेकून बसले. "मला इचारशील तर, खुन्याला लटकवून कुणाची लेक माघारी आल्याली मी न्हाय बघितली. पर ते मोठ्या लोकांनी ठरवावं. माझ्या चपलांवर नगं. त्या हितं दारात ऱ्हात्यात. मला रोज त्यात पाय घालायचा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मंजुनाथच्या वकिलाला, श्रीशैलला, फोन केला. सरकारनं नेमून दिलेला तरुण वकील. आधी त्याला वाटलं, मुलाखत हवी असेल. तिनं त्याला दानम्माचं आणि हिरव्या वायरीचं सगळं सांगितलं. हायकोर्टात फाशी कायम व्हायची बाकी आहे, म्हणाला. तुम्ही सांगून काही होणार नाही, ती म्हातारी स्वतः म्हणाली पाहिजे की मी दुसराच माणूस बघितला. पण ताई, लोकांना एक माणूस हातातून सुटला की दुसरा लागतो, तुमच्या वडिलांचा विचार केलाय का? अजिंक्यनंही तेच विचारलं, ओरडून, आणि पहिल्यांदाच तिला त्याचं बरोबर वाटलं. ती म्हणाली, मी एकटीच दानम्माकडं जाते. महिपती तोवर उठून टोपी घालत होते. "तुझं ती ऐकंल," ते म्हणाले, "तुझं तर सगळेच ऐकत्यात. त्यानंच तर घोळ झाला. तिनं मागनं बघितलंय न्हवं? मग मागनंच बघू दे."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती दोघं गल्लीच्या तोंडाशी पोचली. महिपती खाली वाकले आणि चपला काढल्या. कमरेत दुखत असावं, एक हात गुडघ्यावर ठेवून ते उठले. मग भिंतीच्या कडेकडेनं चालू लागले. अंकिता मागं राहिली, त्यांनीच राहायला सांगितलं होतं. तिनं बापाला असं मागून कधी बघितलं नव्हतं. लहानपणी ते नेहमी समोरून यायचे. पाठ जराशी उजवीकडं झुकलेली, मान खाली, हातातल्या डाव्या चपलेला हिरवी वायर, आणि पावलाचा आवाज खरोखरच नव्हता. सावली भिंतीवरून सरकत गेली. हे सगळं तिनं लिहिलं होतं, तंतोतंत, आणि तरी तिलाच भीती वाटली. वाटायला नको होती, पण वाटली.

ओट्यावरच्या एकीनं वर बघितलं आणि सूप मांडीवरून घसरलं. विड्या घरंगळत रस्त्यावर आल्या. कुणी कडी लावली. पलीकडं आणखी एक कडी. एका खिडकीतून मोबाईल बाहेर आला, मग दुसऱ्या दारातून, आणि कुठल्या तरी घरातून पुरुषाचा आवाज आला, "कोण हाय रं त्यो?" महिपती ओटा ओलांडून पुढं गेले, दानम्माला पाठ दिसेल इतके, आणि थांबले. दानम्मा खांबाला धरून उभी राहिली. कितीतरी वेळ ती बघत होती.

"ह्योच," ती म्हणाली. मग तिनं तोंडावर पदर धरला. "ह्योच की त्यो."

"हे माझे वडील आहेत," अंकिता म्हणाली. ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. खिडक्यांतले मोबाईल तिच्याकडं वळले. "मावशी, तुम्ही यांना बघितलं होतं. त्याला नाही." शेवटच्या घरातून दोन पुरुष बाहेर आले, एकाच्या हातात काहीतरी होतं. महिपती वळले नाहीत. तापलेल्या फरशीवर ते एक पाय उचलत होते, मग दुसरा, आणि चपला तशाच हातात धरल्या होत्या.

"नीट बघून घ्या, बाई," ते समोर बघत म्हणाले. "घाई न्हाय. आजून थोडं पुढं चालून दावू का?"